वर्षातल्या आवडत्या अल्बमांची यादी कशी करावी आणि तिच्यावर वाद कसा घालावा

डिसेंबर लागला की पुण्यात गाणे ऐकणाऱ्या मंडळींमध्ये दोन विषय हमखास निघतात. यंदा सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवात, कोणाकोणाचे गाणे आहे, हा पहिला. आणि वर्षभरात निघालेल्या अल्बमांमध्ये सर्वांत चांगला कोणता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कार्यक्रमपत्रिकेत मिळते. दुसऱ्याचे ज्याचे त्याला काढावे लागते, आणि ते नीट काढायचे तर तयारी बरीच आधीपासून करावी लागते. आम्ही सात जण गेली काही वर्षे डिसेंबरच्या अखेरच्या रविवारी कोथरूडला डहाणूकर कॉलनीतल्या एका घरी जमतो, प्रत्येकाची दहा अल्बमांची यादी समोर ठेवतो आणि रात्रीपर्यंत बसून सगळ्यांची मिळून एक यादी करतो. जवळजवळ दरवर्षी कोणीतरी नवे माणूस येऊन बसते आणि पहिल्यांदा हेच सांगते की, ‘मी गाणी भरपूर ऐकतो, पण अख्खा अल्बम असा कधी ऐकत नाही.’ हा लेख त्या माणसासाठी लिहिला आहे.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे सगळे त्या उजेडात वाचता येईल. यादीतल्या क्रमाला किंमत येते ती त्यामागे किती आणि कसे ऐकले आहे यावरून. ऐकणे कच्चे असेल तर यादी कितीही हुशारीने लिहिली तरी चर्चेत दहा मिनिटांत तिचे दोरे निघतात.

पहिली पायरी : अल्बम कशाला म्हणायचे ते ठरवणे

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण निम्मे वाद येथूनच सुरू होतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, त्यामुळे मोठी रचना विकायची तर चार-सहा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या एका बांधणीत घालून विकत. ‘अल्बम’ हे नाव त्या बांधणीवरून आले. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आपल्याकडच्या गवयांनी या मर्यादेत राग कसा मांडायचा याचा वेगळाच विचार केला. मैफलीत तासभर चालणारा ख्याल वीस मिनिटांत बसवताना कोणती आलापी ठेवायची, कोणती गाळायची, द्रुत बंदिशीला किती जागा द्यायची, हे सगळे त्या तबकडीनेच त्यांना ठरवायला लावले. १९८२ मध्ये सीडी आली आणि सलग ७४ मिनिटे मिळाली. आता फोनवर ऐकताना लांबीचे बंधनच उरलेले नाही, त्यामुळे सतरा मिनिटांच्या चार गाण्यांनाही अल्बम म्हणतात आणि दोन तासांच्या संचालाही.

नियम हवा असेल तर ग्रॅमी पुरस्कारांचा निकष सोयीचा आहे : निदान पाच वेगवेगळी गाणी आणि एकूण पंधरा मिनिटे, किंवा गाण्यांची संख्या कितीही असो, एकूण तीस मिनिटे. या दुसऱ्या पर्यायामुळे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोनच राग असलेले ध्वनिमुद्रणही हक्काने आत येते. आमच्याकडे हाच नियम चालतो.

चित्रपटगीतांचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे. आपल्या देशात कितीतरी वर्षे ‘नवी कॅसेट’ म्हणजे नव्या सिनेमाची कॅसेट असेच समीकरण होते, त्यामुळे ती सरसकट बाहेर ठेवणे मला योग्य वाटत नाही. मात्र पाच संगीतकारांची पाच गाणी एका सिनेमाच्या नावाखाली गोळा केलेली असतील, तर त्याला अल्बम म्हणण्यासारखे त्यात काही नसते. त्या गाण्यांना एकत्र ठेवणारा एखादा विचार कानाला जाणवतो का, एवढे पाहावे. १९६७ चे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी संतूर, बासरी आणि गिटार यांच्यावर काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस उभा केला, आणि राग त्या दिवसाच्या प्रहरांप्रमाणे येत गेले. तेथे तुकड्यांचा क्रम बदलला तर दिवसच मोडतो. मराठीत ‘गारवा’ ऐकून मोठे झालेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. सौमित्र यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचे गाणे यांची जी सांगड आहे, ती एखादे गाणे प्लेलिस्टमध्ये सुटे पडले की अर्धी निसटते.

म्हणून शफल, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवण्याची सोय, बंद करावे. नवख्या माणसाला मी सांगतो ती पहिली गोष्ट हीच आहे, आणि काही ॲपमध्ये ते बटण आपोआप चालू राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे.

दुसरी पायरी : वर्षाच्या सीमा आखणे

जानेवारी ते डिसेंबर, एवढे म्हटले की संपले, असे वाटते. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालेला अल्बम कोणी नीट ऐकलेलाच नसतो. त्यामुळे आमचे वर्ष १ डिसेंबरला सुरू होते आणि पुढच्या ३० नोव्हेंबरला संपते, म्हणजे उशिरा आलेल्या अल्बमावर अन्याय होत नाही, तो पुढच्या यादीत जातो. ग्रॅमीचे पुरस्कारवर्षसुद्धा जानेवारी-डिसेंबरच्या चौकटीत चालत नाही, तेव्हा यात काही गैर मानू नये. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत पडली आहे. त्यामुळे दर शनिवारी सकाळी दहा मिनिटे काढून त्या आठवड्यात काय निघाले ते वहीत टिपून ठेवले की वर्षाअखेरी काही निसटत नाही.

अडचण येते ती जुन्या ध्वनिमुद्रणांची. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी १९६३ मध्ये मुद्रित केलेला एक संपूर्ण अल्बम २०१८ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला. आपल्याकडे तर खासगी मैफलींचे टेप घराघरांत पडून असतात आणि अधूनमधून त्यांतले एखादे स्वच्छ करून प्रकाशित होते. अशा अल्बमाला नव्यांच्या रांगेत उभे केले तर स्पर्धा विषम होते, कारण मधल्या पन्नास वर्षांची आठवण आणि आदर त्याच्या पाठीशी उभा असतो. आम्ही त्यांच्यासाठी तीन जागांची वेगळी यादी ठेवतो. ते मुख्य यादीत असावेत असे मानणाऱ्यांचे म्हणणेही मला समजते, कारण आपल्या कानांवर ते यंदाच पडले. पण बैठकीच्या मध्यावर यावर भांडत बसण्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच निर्णय झालेला बरा.

तिसरी पायरी : ऐकणे

येथे घाई करून चालत नाही, म्हणून हिशोबच मांडतो. वर्षभरातल्या टिपणांतून वीस अल्बम बाजूला काढले आणि प्रत्येक सरासरी पाऊण तासाचा धरला, तर एकदा ऐकायला पंधरा तास लागतात. तीन वेळा ऐकायचे तर पंचेचाळीस तास. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर बारा आठवड्यांत रोज साधारण अर्धा तास बसून हे काम आरामात होते. सुरुवात डिसेंबरच्या पंधरा तारखेला केली तर होत नाही. तीनपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या अल्बमाला मी माझ्या यादीत क्रमांक देत नाही.

तिन्ही वेळचे ऐकणे वेगवेगळे असावे. पहिल्यांदा काहीही न लिहिता, चालता चालता किंवा घरातले काम करता करता ऐकावे, म्हणजे अल्बमाची एकंदर चाल मनात उतरते. मी पहिले ऐकणे बहुतेक वेळा सकाळी हनुमान टेकडीवर करतो. दुसऱ्यांदा एका जागी बसून, फोन दूर ठेवून आणि वही जवळ घेऊन ऐकावे. तिसऱ्यांदा निदान आठवड्याच्या अंतराने, आणि शक्यतो दुसऱ्या साधनावर ऐकावे : पहिली दोन वेळा हेडफोनवर ऐकले असेल तर आता स्पीकरवर, किंवा उलट. कर्वे रस्त्यावरच्या रहदारीत इयरफोनवर ऐकलेल्या ख्यालात तानपुरा जवळजवळ बुडालेला असतो, आणि ज्या गाण्याचा पायाच तानपुरा आहे त्याच्याबद्दल तसे ऐकून मत बनवणे त्या कलाकारावर अन्याय करणारे आहे.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव डिसेंबरमध्येच असतो, आणि तेथे एखाद्या रात्री समोर बसून चांगले गाणे ऐकले की पुढचे आठ-दहा दिवस कोणतेही ध्वनिमुद्रण फिके वाटते. समेवर येताना हजारो लोकांच्या तोंडून एकदम उठणारी दाद कोणत्याही अल्बमात नसते. म्हणून सवाईच्या आठवड्यात यादीला हात लावू नये. महोत्सवाच्या आधी यादी पक्की करावी, किंवा महोत्सवानंतर चार दिवस कानांना विश्रांती देऊन मग करावी.

आवाजाची पातळी ही गोष्ट नवखे लोक विसरतात, आणि आम्हीही एकदा विसरलो होतो. तिसऱ्या जागेसाठी एका तरुण गायिकेचे ख्यालाचे ध्वनिमुद्रण आणि संगणकावर रचलेल्या संगीताचा एक अल्बम यांच्यात चुरस होती. दोन्हींचे दोन दोन तुकडे वाजवले आणि मत घेतले. पाच विरुद्ध दोन असा दुसरा अल्बम जिंकला. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करणारा आमचा एक मित्र त्या दिवशी उशिरा पोहोचला. आम्ही काय केले ते ऐकून त्याने तेच चार तुकडे पुन्हा लावले, मात्र या वेळी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा जुळवून घेतला, कारण ख्यालाचे ध्वनिमुद्रण मुळातच हळू पातळीवर तयार केलेले होते. पुन्हा मते घेतली तर निकाल चार विरुद्ध तीन असा फिरला. आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्जातले आणि अगदी वरचे स्वर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे; त्यामुळे मोठ्याने वाजणारे गाणे त्याच्या गुणांहून अधिक भरदार भासते. बऱ्याच ॲपमध्ये सर्व गाण्यांची पातळी सारखी करण्याची सोय असते, ती चालू करावी. एक अल्बम सीडीवर आणि दुसरा फोनवर असेल तर मात्र हातानेच जुळवून घ्यावे लागते.

चौथी पायरी : नोंद

‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारे’ हे शब्द वहीत लिहून काही उपयोग होत नाही, कारण दोन महिन्यांनी ते वाचताना त्यामागचे गाणे आठवत नाही. मिनिट आणि सेकंद लिहावेत, आणि तेथे काय घडले ते लिहावे. माझ्या वहीतली गेल्या खेपेची एक नोंद जशीच्या तशी देतो : ‘चौथे गाणे. ०:४० ला हार्मोनिअम डावीकडून येते, आवाजाच्या थोडी मागे, छान. २:१५ नंतर अंतऱ्याची चाल मुखड्याचीच सावली वाटते. शेवटचे कडवे घाईत उरकले आहे, “सांज” या शब्दावर श्वास पुरत नाही. ३:५० ला सगळी वाद्ये थांबतात आणि एकटा आवाज राहतो. येथे अल्बम पहिल्यांदा मोकळा होतो.’ एवढ्या चार ओळींवर मी त्या अल्बमाबद्दल कोणाशीही अर्धा तास बोलू शकतो.

गाणी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत असतील तर पहिली दोन वेळा फक्त कानाने ऐकावे आणि तिसऱ्या वेळेआधी शब्दांचा अर्थ मिळवून वाचावा. मराठी रॅपच्या बाबतीत मात्र शब्द पहिल्यापासूनच तपासावेत. यमक जुळवण्यासाठी वाक्य मोडले आहे का, बोलीतला शब्द सहज आला आहे की वरून चिकटवला आहे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

पाचवी पायरी : स्वतःचा क्रम लावणे

वीस अल्बम समोर ठेवून एकदम एक ते दहा क्रमांक द्यायला बसले की डोके चालत नाही. सोपी रीत अशी की कोणताही एक अल्बम घ्यावा, दुसरा त्याच्या शेजारी ठेवावा आणि एकच प्रश्न विचारावा : आज रात्री यांपैकी एकच ऐकता येणार असेल तर कोणता लावीन? तिसरा घेतला की तो या दोघांच्या वर, मध्ये की खाली, ते याच प्रश्नाने ठरवावे, आणि असे एकेक करून वीसही अल्बम ओवत जावेत. वीस अल्बमांच्या एकूण जोड्या एकशे नव्वद होतात, पण या पद्धतीत त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. क्रम लावून झाला की कागद दोन दिवस बाजूला ठेवावा आणि शेजारच्या क्रमांकांच्या जोड्या पुन्हा विचारून पाहाव्यात.

येथे दोन मोह सांभाळावे लागतात. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. जानेवारीत निघालेला अल्बम तुम्ही चाळीसदा ऐकलेला असतो आणि ऑक्टोबरमधला तीनदा, तेव्हा पहिल्याची बाजू आपोआप जड होते. दुसऱ्या बाजूने नोव्हेंबरमध्ये सापडलेल्या अल्बमाची नवलाई अजून ओसरलेली नसते. दोन्हींवर माझा उपाय एकच आहे : शेवटच्या फेरीत सगळे अल्बम सारख्याच वेळा ऐकायचे. ॲप वर्षाअखेरी ‘तुम्ही सर्वांत जास्त काय ऐकले’ याची जी यादी देते तिच्यावर विसंबू नये. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलेले गाणे एकदा ऐकल्याचे मोजले जाते. स्वयंपाक करताना मागे चालू राहिलेले गाणे आणि डोळे मिटून ऐकलेले गाणे तेथे एकाच मापाने मोजले जाते.

वेगवेगळ्या जातकुळीचे अल्बम एका रांगेत लावायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो आणि तो रास्त आहे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात मी स्वराचा लगाव आणि रागाची बढत पाहतो, रॅपमध्ये शब्द आणि लयीवरची पकड, आणि गिटार-ड्रमच्या बँडमध्ये चौघांचे एकमेकांना ऐकणे. मग प्रत्येकाला स्वतःशी प्रश्न विचारतो की त्याने जे करायला घेतले ते कोठवर नेले. शेवटी तुलना होते ती या अंतराची. हे माप अचूक नाही, पण ‘शास्त्रीय आहे म्हणून वर’ किंवा ‘नवे आहे म्हणून वर’ यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

सहावी पायरी : सगळ्यांची मते एकत्र करणे

बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने आपली यादी लिहून पाकिटात घालून द्यावी. आधी चर्चा आणि मग यादी असे केले तर सर्वांत ठासून बोलणाऱ्याची यादी सगळ्यांची होते.

गुण देण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत आणि त्या वेगवेगळे निकाल देतात, हे नवख्याने एकदा कागदावर करून पाहावे. पहिली पद्धत बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ती अठराव्या शतकापासूनची : पहिल्या क्रमांकाला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असे करत दहाव्याला एक. समजा, सात जणांपैकी तिघांनी एका अल्बमाला पहिला क्रमांक दिला आणि बाकी चौघांच्या यादीत तो नाहीच. त्याला तीस गुण मिळाले. दुसरा अल्बम सातही जणांकडे सहाव्या क्रमांकावर आहे. त्याला प्रत्येकी पाच असे पस्तीस मिळाले. म्हणजे कोणाच्याही मनात पहिल्या पाचांत नसलेला अल्बम तिघांच्या सर्वांत आवडत्या अल्बमाच्या वर गेला.

दुसरी पद्धत न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने समीक्षकांच्या मतदानासाठी रुळवली. त्यांचे ‘पॅझ अँड जॉप’ मतदान १९७१ मध्ये पहिल्यांदा झाले आणि १९७४ पासून दरवर्षी होऊ लागले. त्यात प्रत्येकाकडे शंभर गुण असत, ते दहा अल्बमांत वाटायचे असत, एका अल्बमाला कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त तीस. वरचेच उदाहरण या पद्धतीत घातले तर तिघांनी प्रत्येकी तीस दिल्यास पहिल्या अल्बमाला नव्वद गुण होतात. सगळ्यांच्या मध्यम पसंतीच्या अल्बमाला प्रत्येकी आठ मिळाले तरी छप्पन्नच. मला ही दुसरी पद्धत पसंत आहे, कारण ‘आवडला’ आणि ‘फार आवडला’ यांतला फरक तीत दिसतो. तीत एक धोका आहे : एखादा माणूस आपल्या लाडक्या अल्बमाला वर काढण्यासाठी हिशोबाने तीस गुण टाकू शकतो. लहान गटात हे लगेच कळते, आणि ज्याने तीस दिले त्याने कारण तोंडी सांगायचे असा नियम ठेवला की कोणी उगाच देत नाही.

पहिल्या तीन जागांसाठी समोरासमोर मतदान घेऊन पाहू नये. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्ये दाखवून दिलेला पेच आमच्याकडे प्रत्यक्ष घडला आहे : पहिला अल्बम दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. प्रत्येकाचे मत अगदी सरळ असूनही गटाचे मत गोल फिरत राहते. गुणांचा निकाल मान्य करावा आणि पुढे जावे.

सातवी पायरी : वाद

मी विद्यार्थी असताना कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस या रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानात नुसता उभा राहून लोकांची बोलणी ऐकत असे. चांगला वाद कसा असतो ते मला तेथे पहिल्यांदा कळले. एकाने एखाद्या गवयाबद्दल शंका काढली की दुसरा ‘कुठल्या रेकॉर्डमध्ये?’ असे विचारायचा. तोच प्रश्न आजही वादाचा पाया आहे.

गेल्या बैठकीतला एक प्रसंग सांगतो. एका अल्बमाला चौघांनी चांगले गुण दिले होते. आमच्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या, आयुष्यभर गाणे शिकवलेल्या काकू मात्र म्हणाल्या, ‘मला हा आवाज खोटा वाटतो.’ खोली एकदम गप्प झाली, कारण ‘खोटा’ हा शब्द जड आहे. तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने विचारले, ‘काकू, नेमका कुठे?’ त्यांनी वही उघडली आणि तिसऱ्या गाण्यातले दोन मिनिटे दहा सेकंदांचे ठिकाण सांगितले. लावून पाहिले. दरबारी रागाच्या अंगाने जाणारी ओळ होती आणि गायक कोमल गंधारावर आंदोलन घेऊ, म्हणजे तो स्वर डोलवू, पाहत होता. पण दरबारीतला तो गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही खाली राहून सावकाश डोलतो, आणि येथे मात्र तो पायरीवर पाय ठेवावा तसा एका जागी येऊन थांबत होता. १९९७ मध्ये आलेल्या ऑटो-ट्यूनसारखी साधने स्वराला ठरवून दिलेल्या जवळच्या स्वरावर ओढून बसवतात, आणि जोर जास्त लावला तर आंदोलन आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) दोन्ही सपाट होतात. ते पाच सेकंद तीनदा ऐकल्यावर धाकटा म्हणाला, ‘मला हा परिणाम मुद्दाम केलेला वाटतो. पुढच्या गाण्यात त्यांनी आवाज पूर्ण यंत्रासारखा केलाय, त्याची ही सुरुवात आहे.’ पुढचे गाणे लावले. काकूंनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, ‘असेल बाबा. पण मग दरबारीला हात कशाला लावला?’ दोघांपैकी कोणी मत बदलले नाही, तरी आम्हा बाकीच्यांना तो अल्बम पहिल्यांदा नीट ऐकू आला, आणि बाकीच्यांपैकी दोन जणांनी फेरमोजणीत आपले गुण बदलले.

या प्रसंगातून नवख्याने घ्यायच्या गोष्टी सरळ आहेत. दोष सांगायचा तर जागा सांगावी; स्तुती करायची तरीही जागा सांगावी. ‘मला आवडले नाही’ आणि ‘हे जमलेले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, त्यांपैकी आपण कोणते करत आहोत ते बोलण्याआधी स्वतःशी ठरवावे. पहिल्याला पुरावा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. समोरच्याच्या वयावर, शिक्षणावर किंवा तो एरवी काय ऐकतो यावर घसरू नये. ‘तुला रागातले काय कळते’ हे वाक्य आमच्या खोलीत बोलायला बंदी आहे, आणि ‘तुमच्या वेळचे वेगळे होते’ यालाही. कलाकाराच्या खासगी वागणुकीमुळे एखाद्याला त्याचा अल्बम ऐकवत नसेल तर त्याने तसे स्पष्ट सांगून त्या अल्बमाला मत देऊ नये. पण त्याच वेळी गाण्यात नसलेले दोष शोधत बसू नये.

एका अल्बमावर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये, आणि त्यांतली निदान पाच मिनिटे वाजवण्यात जावीत. चर्चा संपल्यावर प्रत्येकाला आपल्या यादीत दोनच बदल करण्याची मुभा द्यावी. दोन बदलांनी खरोखर पटलेली गोष्ट नोंदवता येते. सगळीच यादी बदलू दिली तर पाकिटात आधी दिलेल्या याद्यांना अर्थ राहत नाही.

शेवटची पायरी : यादी जपून ठेवणे

गटाच्या यादीबरोबर सातही जणांच्या मूळ याद्या, बदल आणि गुण एकाच वहीत उतरवावेत. प्रत्येक अल्बमापुढे कलाकार, संगीत संयोजक, ध्वनिमुद्रण करणारा, प्रकाशक आणि प्रसिद्धीची तारीख लिहावी. नुसती लिंक साठवू नये, कारण प्रकाशकाचे आणि ॲपचे करार संपले की अल्बम तेथून नाहीसे होतात आणि लिंक उघडत नाही. आमच्या जुन्या यादीतले दोन अल्बम असे गेले. त्यांतल्या एकाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव वहीत होते, म्हणून त्याच्याकडून प्रत मिळवता आली. दुसऱ्याचे नाव कोणी लिहिले नव्हते, आणि तो आम्हाला अजून सापडलेला नाही.

दर जूनमध्ये मागच्या डिसेंबरची वही काढून दहाही अल्बम पुन्हा ऐकावेत आणि नवा क्रम वेगळ्या शाईने शेजारी लिहावा. मी एका वर्षी पहिला लावलेला अल्बम सहा महिन्यांनी माझ्याच हाताने सातव्यावर गेला आणि नववा होता तो वर आला. जुनी शाई मात्र खोडू नये. पुढच्या बैठकीत नवे माणूस येते तेव्हा त्याच्या हातात आम्ही प्रथम तेच पान देतो.